हृदयाचं पंपिंग ३० टक्के आहे, स्टेम सेल उपचार करावेत का?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. वडील ६१ वर्षांचे. आठ महिन्यांपूर्वी मोठा हार्ट अटॅक आला, त्याच दिवशी अँजिओप्लास्टी करून स्टेंट टाकला. जीव वाचला, पण टू-डी इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर जातं ते, ३० टक्के निघालं आणि आजही एक जिना चढला की धाप लागते. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, आता वेगळं करण्यासारखं काही नाही. दुसरीकडे एका स्टेम सेल (ज्यांपासून इतर पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) केंद्रानं सांगितलं, की कमरेच्या हाडातून पेशी काढून हृदयात सोडल्या की मेलेला स्नायू नव्यानं तयार होतो. तीन वेळा करावं लागेल आणि पुढे गोळ्याही बंद होतील. त्यासाठी तारीखही दिलीय. तर करावं का?

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो: अशा केंद्रात, पैसे भरून, करू नका. हार्ट फेल्युअरचे, म्हणजे हृदय अशक्त होऊन पंपिंग अपुरं पडलेले, रुग्ण पाहणं हे माझं रोजचं काम आहे आणि हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. नुसतं ‘नको’ ऐकून कुणाचं समाधान होत नाही, होऊही नये. म्हणून कारणं सविस्तर सांगतो.

मला तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न दिसतात. स्टेम सेलनं हृदयाचा स्नायू पुन्हा तयार होतो का, हा पहिला. वडिलांच्या अशक्त हृदयासाठी आज जे जे सिद्ध झालेलं आहे ते सगळं करून झालंय का, हा दुसरा. तुम्ही पहिला विचारलात. पण वडिलांचं आयुष्य बहुतेक दुसऱ्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. ‘करण्यासारखं काही नाही’ हे वाक्य ऐकलं की माणूस दुसरीकडे आशा शोधायला लागतो, त्यात त्याची काही चूक नाही. फक्त ते वाक्य खरं आहे का, हे आधी तपासायला हवं.

मी वडिलांना तपासलेलं नाही, रिपोर्टही पाहिलेले नाहीत. स्नायू किती मेलाय आणि किती नुसता सुस्तावलाय, रक्तदाब किती राहतो, किडनी कशी आहे, मधुमेह आहे का, झडप गळते का, ईसीजी कसा दिसतो, यावर बरंच काही ठरतं. तेव्हा औषधांबद्दल पुढे जे लिहीन ते डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे, घरी स्वतः डोस बदलण्यासाठी नाही.

आता पेशींकडे येऊ. हृदयाच्या डाव्या कप्प्यात साधारण २०० ते ४०० कोटी स्नायुपेशी असतात आणि मोठ्या अटॅकमध्ये त्यातल्या १०० कोटींपर्यंत पेशी मरू शकतात. त्वचा किंवा यकृत जसं भरून येतं तसं हृदय येत नाही. अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे हवेत मिसळलेल्या कार्बन-१४ वरून स्वीडनमधल्या संशोधकांनी हृदयातल्या पेशींचं वय काढलं. ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का स्नायुपेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही खाली येतं, असं त्यात दिसलं. म्हणजे नवनिर्मिती अगदीच शून्य नाही, पण अटॅकचा खड्डा भरून काढायला ती कुठल्या कुठे अपुरी पडते. मेलेल्या जागी व्रण तयार होतो. तो फाटक्या कापडाला लावलेल्या ठिगळासारखा असतो: भोक झाकलं जातं, भिंत फुटत नाही, पण ठिगळ आकुंचन पावत नाही. उरलेल्या स्नायूला सगळं ओझं वाहावं लागतं, तो ताणला जातो, कप्पा मोठा होत जातो आणि पंपिंग उतरतं.

२००१ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग गाजला. अस्थिमज्जेतल्या, म्हणजे बोन मॅरोतल्या, पेशी अटॅक आलेल्या हृदयात टोचल्या तर त्या हृदयाच्या स्नायुपेशी बनतात, असा त्यात दावा होता. वर्षभरातच माणसांवरचे पहिले अहवाल आले, इतका उत्साह होता. पण २००४ मध्ये दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग काटेकोर खुणा लावून पुन्हा केला आणि दोघांनाही रक्त बनवणाऱ्या पेशी हृदयाचा स्नायू बनताना दिसल्या नाहीत. मूळ प्रयोग करणाऱ्या पिएरो अँव्हर्सा यांच्या प्रयोगशाळेची पुढे चौकशी झाली. २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल यांनी त्या प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस केली, कारण त्यांत बनावट किंवा फेरफार केलेली माहिती होती. हृदयातच स्टेम सेल असतात आणि त्या वाढवून परत दिल्या की हृदय सुधारतं, असं सांगणारी २०११ ची माणसांवरची एक नावाजलेली चाचणीही २०१९ मध्ये मागे घेतली गेली.

मी हा इतिहास सांगतो कारण केंद्राच्या माहितीपत्रकात ‘मेलेला स्नायू नव्यानं तयार होतो’ हे जे वाक्य आहे, त्याचं मूळ बरंचसं त्या काळात आहे. तो पाया ढासळला, तरी वाक्य अजून फिरतंय.

तरीही सगळं खोटं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. जर्मनी, नॉर्वे, अमेरिका अशा अनेक ठिकाणी प्रामाणिक डॉक्टरांनी मनापासून चाचण्या केल्या. प्रक्रिया कशी असते ते सांगतो. रुग्णाला पालथं झोपवून, कमरेच्या हाडावरची जागा बधिर करून जाड सुईनं साधारण ५० मिली बोन मॅरो काढतात. प्रयोगशाळेत तो गाळून हव्या त्या पेशी वेगळ्या करतात. मग अँजिओग्राफीसारखीच नळी घालून, जिथे स्टेंट टाकलाय त्याच रक्तवाहिनीत फुगा फुगवून रक्तप्रवाह काही मिनिटं थांबवतात, त्या वेळात पेशी आत सोडतात, फुगा सोडवतात, पुन्हा फुगवतात. हे दोन-तीनदा. ऐकायला नेमकं वाटतं. पण पेशींवर खूण लावून पाहिलं तेव्हा काही तासांतच त्यातल्या बहुतेक रक्ताबरोबर निघून गेलेल्या दिसल्या. हृदयात राहतात त्या शंभरात मोजक्या, आणि त्याही फार दिवस टिकत नाहीत. शिरेतून सलाईनसारख्या दिल्या तर बऱ्याचशा फुफ्फुसातच अडकतात. केंद्र ‘सलाईनमधून देऊ’ म्हणत असेल तर हे लक्षात ठेवा.

मग निकाल काय आले? हॅनोव्हरच्या बूस्ट चाचणीत ६० रुग्ण होते. सहा महिन्यांनी पेशी दिलेल्या गटाचं पंपिंग सरासरी ६.७ अंकांनी वाढलं, न दिलेल्यांचं ०.७ नं. सगळे हरखले. अठरा महिन्यांनी दोन्ही गटांतला फरक विरघळला होता. २००६ मध्ये २०४ रुग्णांच्या रिपेअर-एएमआय चाचणीत थोडा फायदा दिसला, तर त्याच वर्षी नॉर्वेतल्या १०० रुग्णांच्या अ‍ॅस्टामी चाचणीत काहीच दिसला नाही. शेवटी युरोपात बामी नावाची मोठी चाचणी आखली, ३००० रुग्णांची, आणि तिचा प्रश्न पंपिंगचा नव्हता, माणसं वाचतात का हा होता. रुग्ण मिळेनात म्हणून ती ३७५ वर थांबली. २०२० मध्ये निकाल आला: दोन वर्षांतले मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच. इतक्या कमी रुग्णांवरून छातीठोक निष्कर्ष निघत नाही हे खरं, पण फायद्याच्या बाजूनंही हाती काही लागलं नाही.

या सगळ्या चाचण्या अटॅकनंतर काही दिवसांत पेशी दिलेल्या रुग्णांच्या. वडिलांना आठ महिने झालेत, म्हणून त्यांच्याशी अधिक जुळणारी चाचणी २०१२ ची, फोकस नावाची. जुनं हार्ट फेल्युअर असलेले ९२ रुग्ण, स्वतःच्याच बोन मॅरोतल्या १० कोटी पेशी थेट हृदयाच्या भिंतीत टोचलेल्या, आणि तुलनेला प्लासिबो, म्हणजे दिसायला तसाच पण औषध नसलेला उपचार, दिलेला गट. कप्प्याचा आकार, ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, रक्तपुरवठ्यातली कमतरता, या तिन्हींत फरक पडला नाही. केंद्र जे करू म्हणतंय, त्याच्या सगळ्यात जवळचं हे उत्तर आहे.

‘पण तिथल्या रुग्णांचे आधीचे-नंतरचे रिपोर्ट दाखवले, ३० चं ३८ झालं,’ असं तुम्ही म्हणाल. हे मला नेहमी ऐकायला मिळतं आणि यावर जरा थांबायला हवं. इकोवरचं पंपिंग हे तापमापकातल्या आकड्यासारखं अचूक नसतं. तपासणाऱ्यानं पडद्यावर कप्प्याच्या आतल्या कडेवर हातानं रेघ ओढलेली असते. ती कड धूसर असेल, रुग्णाला नीट कुशीवर वळता येत नसेल, त्या दिवशी रक्तदाब वेगळा असेल, तर आकडा हलतो. एकाच माणसाची इको दोघांनी केली तर ५ ते १० अंकांचा फरक पडू शकतो, त्यात कुणाची लबाडी नसते. दुसरी गोष्ट, अटॅकनंतर काही स्नायू मेलेला नसतो, नुसता बधिर झालेला असतो. रक्तपुरवठा परत आल्यावर तो आठवड्यांत-महिन्यांत आपोआप कामाला लागतो. तिसरी, पेशी घेणारा रुग्ण त्याच काळात औषधंही नियमित घ्यायला लागतो, मीठ कमी करतो, चालायला लागतो. म्हणून तर तुलनेचा गट हवा, आणि कुणाला काय दिलंय ते रुग्णाला आणि मोजणाऱ्याला, दोघांनाही माहीत नसायला हवं.

याबाबत २०१४ मध्ये लंडनच्या एका गटानं एक फार महत्त्वाचं काम केलं. बोन मॅरो पेशींच्या ४९ चाचण्यांचे अहवाल ओळ न् ओळ तपासून त्यांतल्या विसंगती मोजल्या. न जुळणाऱ्या बेरजा, तक्त्यात एक आणि मजकुरात दुसरा आकडा, अशा ६०० हून जास्त निघाल्या. मग विसंगती आणि फायदा शेजारीशेजारी मांडला. ज्या पाच चाचण्यांत एकही विसंगती नव्हती, तिथे पंपिंगमधली सरासरी वाढ शून्याच्या जरा खालीच होती. जिथे ३० हून जास्त विसंगती, तिथे ७.७ अंक. पूर्वी या उपचाराबद्दल मला जी थोडी आशा होती, ती हा आलेख पाहिल्यावर फारशी उरली नाही.

आशादायक काय आहे तेही सांगतो, कारण ते लपवणं योग्य नाही. दुसऱ्या, निरोगी माणसाच्या बोन मॅरोतून वाढवलेल्या मेसेन्कायमल जातीच्या पेशींची ड्रीम-एचएफ ही चाचणी २०२३ मध्ये आली. तिच्यात ५०० हून जास्त रुग्ण होते. मुख्य प्रश्न होता हार्ट फेल्युअर बळावून पुन्हा पुन्हा दाखल होणं कमी होतं का. ते झालं नाही. पण अटॅक आणि पक्षाघात कमी झालेले दिसले, विशेषतः ज्यांच्या रक्तात दाह दाखवणारा सीआरपी वाढलेला होता त्यांच्यात. हा आडवाटेनं सापडलेला धागा आहे, पुढच्या चाचणीत तो टिकला तरच त्याला अर्थ. आणि इथेही नवा स्नायू तयार झाल्याचा दावा नाही. पेशी दाह शांत करत असाव्यात, असा तर्क आहे. उंदरांवर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर मेलेल्या पेशी टोचूनही जिवंत पेशींइतकाच फायदा झाला. टोचण्यामुळे शरीराची जी प्रतिक्रिया उमटते, तिनंच व्रणाची डागडुजी होत होती. याखेरीज ज्यांना सगळे उपाय करूनही छातीत दुखतंच राहतं आणि स्टेंट-बायपासला जागा उरलेली नाही, अशा रुग्णांत सीडी-३४ जातीच्या पेशींचे निकाल बरे आहेत. तुमच्या वडिलांचा त्रास मात्र तो नाही.

बातम्यांमध्ये तुम्ही ‘प्रयोगशाळेत धडधडणारं हृदय’ पाहिलं असेल. ते वेगळं शास्त्र आहे. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये साध्या पेशींना उलट्या दिशेनं नेऊन मूळ अवस्थेत आणण्याची रीत शोधली. तिला २०१२ चं नोबेल मिळालं. अशा आयपीएस पेशींपासून खरोखरच आकुंचन पावणारा हृदयस्नायू बनवता येतो. जपानमध्ये ओसाकाला २०२० मध्ये अशा स्नायूच्या पातळ चकत्या पहिल्यांदा रुग्णाच्या हृदयावर बसवल्या. जर्मनीत ग्यॉटिंगेनच्या गटानं स्नायूची जाड पट्टी शिवली आणि २०२५ मध्ये माकडांबरोबर एका ४६ वर्षांच्या रुग्ण स्त्रीचा अनुभव प्रसिद्ध केला. तीन महिन्यांनी तिला नवं हृदय मिळालं तेव्हा जुन्या हृदयावर ती पट्टी जिवंत होती आणि तिच्यात रक्तवाहिन्या शिरल्या होत्या. हे वाचताना मला मनापासून आनंद झाला. पण त्यासाठी शस्त्रक्रिया लागते, पेशी परक्या असल्यानं प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागतात, आणि २०१४ च्या माकडांवरच्या प्रयोगात भ्रूणाच्या मूळ पेशींपासून बनवलेल्या अशाच स्नायुपेशी हृदयात रुजताना ठोक्यांची लय बिघडवतात हेही दिसलंय. केंद्राकडे जे आहे ते हे नाही. बातमी एका पेशीची दाखवायची आणि द्यायची दुसरीच, असं चालतं. जपाननं पायाच्या स्नायूपासून केलेल्या एका पेशी-चकतीला २०१५ मध्ये तात्पुरती, अटीची मान्यता दिली होती. पुरेसा परिणाम सिद्ध न झाल्यानं २०२४ मध्ये ती कायम झाली नाही. घाईनं दिलेली मान्यताही पुराव्यापुढे अशी मागे घ्यावी लागते.

‘फायदा नाही झाला तरी नुकसान काय?’ असंही विचारतात. चाचण्यांमध्ये निवडलेले रुग्ण, कडक स्वच्छता आणि सतत देखरेख होती, म्हणून धोका कमी दिसला. बाहेर ती हमी नसते. नळी घालण्याचा, रक्तस्रावाचा, जंतुसंसर्गाचा, लय बिघडण्याचा धोका असतो. पण मला त्याहून जास्त भीती एका वाक्याची वाटते: ‘गोळ्या हळूहळू बंद होतील.’ २०१८ मध्ये ट्रेड-एचएफ नावाची चाचणी झाली. हृदयाचा स्नायू अशक्त झालेले, पण औषधांनी पंपिंग पूर्ण पूर्ववत झालेले, काही त्रास नसलेले रुग्ण घेतले आणि डॉक्टरांच्या नजरेखाली गोळ्या टप्प्याटप्प्यानं बंद केल्या. सहा महिन्यांत ४० टक्क्यांहून जास्त जणांचा आजार उलटला. ज्यांचं हृदय बरं झालं होतं त्यांची ही गत. ३० टक्के पंपिंगवाल्या माणसाच्या गोळ्या थांबवायला सांगणाऱ्याच्या हाती मी माझा माणूस देणार नाही.

आता दुसरा प्रश्न, मला जो महत्त्वाचा वाटतो तो.

वडिलांचं प्रिस्क्रिप्शन समोर घ्या. पंपिंग कमी असलेल्या हार्ट फेल्युअरमध्ये आज चार प्रकारची औषधं पायाभूत मानतात: सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन (ते शक्य नसेल तर रामिप्रिल-एनालाप्रिलच्या जातीचं औषध), बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटची दोन मधुमेहाची म्हणून ओळखली जातात, पण मधुमेह नसलेल्यांनाही हृदयासाठी देतात. यांच्या मागचा पुरावा पेशींच्या तुलनेत कुठल्या कुठे आहे. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची चाचणी ८४४२ रुग्णांवर झाली. जुन्या चांगल्या औषधाशी तुलना करूनही हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी दाखल होणं २० टक्क्यांनी कमी झालं. डापाग्लिफ्लोझिनच्या ४७४४ रुग्णांच्या चाचणीत असाच फायदा २६ टक्के होता. स्पायरोनोलॅक्टोननं तर १९९९ मध्येच गंभीर रुग्णांतले मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले होते.

माझ्याकडे ‘सगळं करून झालं’ म्हणून जे रुग्ण येतात, त्यांच्या कागदावर फार वेळा एक ओळ दिसते: कार्व्हेडिलॉल ३.१२५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ. हा या बीटा ब्लॉकरचा सुरुवातीचा डोस आहे. सोसेल तसा दर दोनेक आठवड्यांनी दुप्पट करत तो २५ मिलिग्रॅम दोन वेळापर्यंत न्यायचा असतो. रुग्णालयातून घरी सोडताना लिहिलेला डोस महिनोन्महिने तसाच राहतो, कारण रुग्ण ‘बरा’ आहे आणि प्रत्येक भेटीत जुनीच चिठ्ठी पुढे चालू होते. चारपैकी दोनच औषधं चालू आहेत आणि तीही अर्ध्यामुर्ध्या डोसात, असं दिसलं तर ‘करण्यासारखं काही नाही’ कसं म्हणायचं? २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीत, हार्ट फेल्युअरसाठी दाखल झालेल्यांचे डोस घरी गेल्यावर दोन आठवड्यांत, रक्ततपासण्या करत, पूर्ण मात्रेपर्यंत नेले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण २३.३ टक्क्यांवरून १५.२ वर आलं. नवं औषध एकही नव्हतं, आहे तेच नीट दिलं होतं.

अर्थात रक्तदाब १०० च्या खाली राहत असेल, नाडी मंद असेल, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) किंवा पोटॅशियम वाढलेलं असेल, तर पूर्ण डोस जमत नाही. तेव्हा जमेल तेवढा, पण चारही थोडे थोडे, हा माझा कल असतो. एकाच औषधाचा डोस ताणत बसण्यापेक्षा ते बरं.

तुमच्या प्रश्नात ज्या गोष्टीचा उल्लेखच नव्हता आणि ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटली, ती म्हणजे आयसीडी. अटॅकनंतर पंपिंग इतकं कमी राहिलं की व्रणाच्या कडेनं विजेचा प्रवाह भरकटू शकतो आणि हृदय अचानक थरथरत बंद पडू शकतं, माणूस बरा दिसत असतानाही. आयसीडी हे छातीच्या कातडीखाली बसवायचं छोटं यंत्र ते ओळखून आतूनच शॉक देतं. मॅडिट-२ या २००२ च्या चाचणीतले १२३२ रुग्ण नेमके तुमच्या वडिलांसारखे होते: जुना अटॅक आणि पंपिंग ३० किंवा कमी. यंत्र बसवलेल्यांत मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी होता. सर्वसाधारण नियम असा, की अटॅकनंतर किमान ४० दिवस, स्टेंट टाकल्यानंतर तीन महिने आणि योग्य औषधांवर तीन महिने झाल्यावरही पंपिंग ३५ किंवा खाली असेल तर याचा विचार करायचा. वडिलांना आठ महिने झालेत. ३० चा आकडा अटॅकच्या आठवड्यातला असेल तर आधी नवी इको करा, तो वाढलेलाही असू शकतो. आजही तितकाच असेल तर हा विषय पुढे ढकलू नका. आयसीडीनं धाप कमी होणार नाही, हेही माहीत असू द्या. ते जीव वाचवण्यासाठी आहे.

धाप कमी करणारं एक यंत्र मात्र वेगळं आहे. ईसीजीमध्ये डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक (विजेच्या वाटेतला अडथळा) असेल आणि क्यूआरएसची, म्हणजे ठोक्याच्या मुख्य लाटेची, रुंदी १५० मिलिसेकंदांहून जास्त असेल, तर सीआरटी नावाचा खास पेसमेकर दोन्ही भिंतींना एकत्र आकुंचन पावायला लावतो. योग्य रुग्णात त्यानं पंपिंग खरंच वाढतं. हे सगळ्यांना लागू नाही, ईसीजी पाहूनच कळतं.

बाकीचं भराभर सांगतो. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) किती गळते ते इकोत विचारा. औषधांनी कमी न झालेल्या गळतीवर काही रुग्णांत नळीतून क्लिप लावता येते. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या करा. हिमोग्लोबिन ठीक असूनही लोह कमी असू शकतं, आणि हार्ट फेल्युअरमध्ये ते शिरेतून दिलं तर दम सुधारतो, गोळ्यांनी फारसा सुधारत नाही. इतर रक्तवाहिन्यांत अडथळे असतील तर निर्णय सोपा नाही: अशक्त हृदयात बायपासचा दहा वर्षांत फायदा दिसलाय, पण २०२२ च्या ७०० रुग्णांच्या रिव्हाइव्ह्ड चाचणीत नुसत्या स्टेंटनं औषधांपेक्षा जास्त काही मिळालं नाही. गुडघे-कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना सांगा, त्यांनी पाणी साठतं आणि हार्ट फेल्युअर बळावतं. रोज सकाळी वजन करा. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर तो मेदाचा नाही, साठलेल्या पाण्याचा इशारा आहे, लगेच फोन करा. आणि देखरेखीखालचा व्यायाम, कार्डिअ‍ॅक रिहॅब, मिळत असेल तर जरूर घ्या. जिना चढण्याची ताकद त्यानं जितकी परत येते तितकी पेशींनी आलेली मी पाहिलेली नाही.

हे सगळं झाल्यावरही वडिलांना पेशींच्या संशोधनात भाग घ्यायचा असेल तर मी अडवणार नाही. असे रुग्ण पुढे आले म्हणूनच आपल्याला आज एवढं माहीत आहे. पण खरी चाचणी ओळखता यायला हवी. तिथे उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. तुम्हाला प्लासिबोही मिळू शकतो, हे आधी सांगतात. चालू औषधं बंद करायला लावत नाहीत, उलट ती पूर्ण डोसात असल्याशिवाय घेतच नाहीत. नैतिक समितीची परवानगी, इजा झाली तर भरपाई कोण देणार, किती वर्षं पाठपुरावा करणार, हे संमतिपत्रात लिहिलेलं असतं. एक सावधगिरी: चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नाव आहे म्हणजे मान्यता आहे असं नाही. पैसे घेणारी केंद्रंही आपल्या कामाला ‘अभ्यास’ म्हणून तिथे नोंदवतात. आणि मधुमेहापासून गुडघ्यापर्यंत सगळ्या आजारांना एकाच कुपीतल्या पेशी देणारं केंद्र असेल, तर पुढे काही विचारायची गरजच नाही.

वडिलांशी बोलताना ‘ते सगळे फसवतात’ असं सुरुवातीलाच म्हणू नका. आशा काढून घेतली की माणूस गोळ्याही सोडतो, हे मी पाहिलंय. ‘आधी हे सिद्ध झालेलं पूर्ण करू, तीन महिन्यांनी पुन्हा इको करू’ असं म्हणा. ते खरंही आहे, कारण डोस नीट वाढवल्यावर तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच रुग्णांचं पंपिंग काही अंकांनी वर येतं आणि त्याहून जास्त जणांची धाप कमी होते.

पुढच्या भेटीला जाताना या गोष्टी सोबत न्या: अलीकडची इको, ईसीजी, क्रिएटिनिन-पोटॅशियम-लोहाचे रिपोर्ट, आठवडाभराचा घरचा रक्तदाब आणि नाडी, आणि चालू गोळ्यांची पाकिटं डोससकट. डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा: चारपैकी कोणतं औषध अजून सुरू नाही किंवा वाढवता येईल, आणि आयसीडी हवा का. उत्तर ‘नको’ आलं तर का नको, हेही विचारून घ्या. काही वेळा ‘नको’ला अगदी योग्य कारण असतं. तेही नीट सांगता येत नसेल तर हार्ट फेल्युअरच पाहणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. केंद्रानं दिलेल्या तारखेच्या आत हे सगळं होणार नाही. ती तारीख जाऊ द्या.